माशीला काजळ

मामांकडे मी पहिल्यांदा गेले ती अंडी आणायला.

शिरूरहून चौफुल्याकडे निघालं आणि न्हावरं मागे पडलं, की उसाच्या रानात एक लांबच लांब पत्र्याचं शेड दिसायचं. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘ताजी अंडी मिळतील’. मी स्कूटी लावून आत डोकावले, तर औषधालाही कोंबडी नाही. एका बाजूला चार-पाच माणसं ओळीनं उभी, प्रत्येकाचा एक हात समोर ताणलेला. त्यांच्या मागे एक उंच, वाळका म्हातारा काठीवर हनुवटी टेकून एका पायावर उभा होता. दुसऱ्या पायाचा तळवा त्यानं गुडघ्याला लावून ठेवला होता. माळावर मेंढरांमागे माणसं अशीच उभी राहतात.

“अंडी?” मी विचारलं.

“कोंबड्या जाऊन लई वर्सं झाली,” म्हातारा म्हणाला. “माश्या तेवढ्या ऱ्हायल्यात. माशी पायजे का?”

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, “माश्या तुम्हालाच असू द्या. आणि मिळत नाहीत तर भिंतीवर खोटं कशाला लिहिलंय?”

त्यानं दुसरा पाय जमिनीवर टेकला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भलताच प्रश्न विचारला, “घरी भांडान झालं की आधी तोंड कोण उघडतं?”

“मी. का?”

“म्हंजी रुंद खाच,” तो खूश होऊन म्हणाला. “ये आयतवारी.”

मी तेव्हा कारेगावला खोली घेऊन राहायची आणि तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हे माझ्या स्वभावाला इतकं मानवलं होतं, की सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. म्हणून असेल, पण रविवारी मी खरंच गेले. त्यानंतर कितीतरी रविवार माझे त्या शेडमध्ये गेले.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. पोलिसांना लोक मागून मामा म्हणतात. हे राखीव पोलिसांत होते, दौंडच्या कॅम्पात शस्त्रागार सांभाळायचे, म्हणून कुणीतरी चेष्टेनं मामा म्हटलं आणि ते यांनी मनावर घेतलं. निवृत्त होऊन गावी आले, पोल्ट्री घातली, ती बसली. रिकामं शेड बघून त्यांच्या डोक्यात आलं, की दहा मीटर लांबीची जागा देवानं आपल्याला उगीच नाही दिली. हवेच्या पिस्तुलाला तेवढीच जागा लागते. भिंतीवरची अक्षरं त्यांनी पुसली नाहीत. “अंड्याला आलेलं गिऱ्हाईक नेमबाज निघतंय,” असं ते म्हणायचे, आणि माझ्याकडे बोट दाखवायचे.

आता माशीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर मामा समजायचे नाहीत. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक छोटी उभी पट्टी असते, ती माशी. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक चौकोनी खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आली पाहिजे, दोघींची डोकी एका रेषेत, आणि माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी चीर दिसली पाहिजे. एवढाच खेळ. यातली मेख अशी, की बघायचं ते माशीकडे. ज्या कागदावर मारायचं, त्याच्याकडे नाही. माशी स्वच्छ, कागद धुरकट. ज्याला कागद स्वच्छ दिसला, त्याची गोळी गेली उसात.

कुणाची गोळी भलतीकडे गेली, की मामा मागून ओरडायचे, “शिंकली! माशी शिंकली!” गावातली माणसं म्हणायची, की म्हातारा शेडात माश्या मारत बसलाय. त्यावर त्यांना राग यायचा नाही. “मारत न्हाई, घासत बसलोय,” ते म्हणायचे. आणि ते खरंच होतं. लोखंडी पट्टीचे तुकडे कापून, कानस घेऊन ते माश्या घासायचे. जाड, बारीक, मध्यम, किंचित जाड, किंचितच बारीक. पान-सुपारीचा जुना पितळी डबा होता, त्याच्या कप्प्याकप्प्यांत त्या ठेवलेल्या असायच्या. लवंगेच्या कप्प्यातल्या सगळ्यात बारीक. सुपारीच्या कप्प्यात जाड.

कुणाला कुठली माशी आणि किती रुंद खाच द्यायची, हे मामा त्या माणसाचा नेम बघून ठरवत नसत. नेम नंतर. आधी माणूस. कोण चहा फुंकून पितो, कोण जीभ भाजून घेतो. कोण चप्पल काढल्यावर जोडीनं ठेवतो. एक तलाठी यायचे, ते प्रत्येक वाक्यानंतर ‘तसं नाही, पण’ म्हणायचे. त्यांना मामांनी सुपारीच्या कप्प्यातली माशी दिली. “तुमाला एवढी जाड दिली तरच ती हाय असं वाटंल,” म्हणाले.

आम्ही दोघं पहिल्यांदा भांडलो ते माझ्या खाचेवरून. मला बारीक चीर हवी होती. माझं साधं गणित होतं: फट जितकी बारीक, तितकी चूक लवकर दिसणार. मी कंपनीत दिवसभर हेच करत होते. मामांनी मात्र चांगली ऐसपैस खाच लावून दिली. माशीच्या दोन्ही बाजूंनी एवढा उजेड, की मला ती उघड्या दारात उभी असल्यासारखी दिसायची.

“हे ढिलं आहे, मामा,” मी म्हटलं.

“ढिलं न्हाई, मोकळं हाय.”

“मला बारीक द्या.”

“बारीक दिली तर तू गोळी मारायचीच न्हाईस पोरी. डावीकडं केसभर जास्त का उजवीकडं, ह्येच बघत बसशील. हात थरथराय लागंल, तरी तुझं बघनं संपायचं न्हाई. रुंद चिरंत तुला वाटंल, चालतंय एवढं. आन् तवा गोळी सुटंल. जल्मात एक गोष्ट तरी चालतंय म्हणून सोडून दे की.”

मी तणतणत घरी गेले. पुढच्या रविवारी त्या मोकळ्या खाचेतून मारायला लागले, आणि माझ्या गोळ्या, ज्या आधी कागदभर फिरायच्या, त्या एका जागी गोळा व्हायला लागल्या. मामांनी कागद हातात घेऊन बघितला नाही. ते कधीच बघायचे नाहीत. नुसते म्हणाले, “चालतंय का?” मी म्हटलं, “चालतंय.” पुढे मी कॉलेजच्या वयाची नसतानाही पुण्याला जाऊन स्पर्धा खेळले, एकदा राज्याच्या निवडीपर्यंत पोहोचले, पण सगळ्या काळात ती खाच काही मी बदलली नाही.

माशी चकाकून चालत नाही. उन्हाची तिरीप पडली, की तिचं डोकं पांढरं दिसतं आणि डोळा फसतो. म्हणून ती काळी करावी लागते. बाजारात त्यासाठी फवारा मिळतो. मामांना तो पसंत नव्हता. त्यांच्या माश्यांना काजळ लागायचं, आणि तेही मामींनी धरलेलं. मामी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं पालथं घालायच्या, आणि जमलेली काजळी तूप न घालता, कोरडीच, एका डबीत भरून द्यायच्या. मामा काडीला कापूस गुंडाळून ती माशीला लावायचे. चेहरा असा, की बाळाच्या डोळ्यात घालताहेत.

मामी शेडमध्ये कधी पाऊल टाकायच्या नाहीत. दारातून डबी द्यायच्या. त्या कासुर्डीच्या माहेरवाशीण, ठेंगण्या, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं, बोलण्यात तिखट. मला ऐकवून म्हणायच्या, “लगीन होऊन आलीया तवापसनं बघतीया. माज्या डोळ्यात कवा काजाळ हाय का न्हाई, ह्ये ठावं नसंल ह्यास्नी. त्या माशीचं बरं ठावं हाय.”

“तू कुठं हलतीस?” मामा आतून म्हणायचे. “माशी हलती.”

मामांचा डावा डोळा अधू होता. नोकरीला लागल्यावर एकदा सुट्टीत ते भावाच्या वाड्यावर गेले, मेंढरांच्या वाड्यावर, आणि एका एडक्यानं ढुशी मारली ती नेमकी डोळ्यावर. त्या डोळ्याला पुढे नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा. दलात मग त्यांना कायमचं शस्त्रागारात बसवलं. त्याचं दुःख त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. उलट म्हणायचे, “नेम धरताना लोकास्नी डावा डोळा मिटाय लागतो. माजा एडक्यानं मिटून दिलाय.”

पण दुःख होतं. ते मामींनी सांगितलं. नोकरीभर मामांनी दुसऱ्यांची पिस्तुलं लावून दिली. कुणाला कसली माशी, कुणाला कसली खाच, ते यांनी ठरवायचं, आणि त्या पिस्तुलांवर पोरांनी पदकं आणायची. कॅम्पात हार-तुरे झाले की हे मागे, खोक्यांजवळ. एकदा तरी स्पर्धेत उभं राहावं, माइकवरून आपलं नाव पुकारलं जावं, आपण घासलेल्या माशीतून आपणच बघावं, एवढी एक हौस त्या माणसाला होती. साठी उलटलेल्यांसाठी वेगळा गट असतो. त्यात नाव घालायचं ते दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी म्हणायचे, “औंदा माशी जमली न्हाई. फुडल्या साली.”

मला तो आळस वाटायचा. त्या वर्षी मात्र कारण वेगळंच होतं, ते असं कळलं.

एका रविवारी त्यांनी मला नवीन माशी घासून दिली. मी ती लावली, हात वर केला आणि खाली घेतला. पुन्हा वर केला. माशीचं डोकं तिरकं होतं. डावीकडे उंच, उजवीकडे उतरतं. माझा धंदाच तो असल्यामुळे मला ते लगेच दिसलं. पण मामांच्या हातची माशी तिरकी, हे माझ्या डोक्यात शिरेना. मला वाटलं, मीच मान वाकडी धरलीय.

“मामा, ही जरा तिरकी वाटतेय का बघा.”

त्यांनी ती घेतली. दाराशी उजेडात गेले. डोळ्याजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली. अंगठ्याचं नख तिच्या डोक्यावरून हळूच फिरवलं, आणि नखाला ते कळलं. डोळ्याला कळलं नव्हतं.

“शिंकली,” ते म्हणाले. एवढंच. मग डबा बंद केला.

तेव्हा माझ्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. सहा महिन्यांत त्यांच्या स्वतःच्या पिस्तुलावरची माशी जाड-जाड होत गेली होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला ते हात करेनासे झाले होते, आणि गावात बोललं जायचं, की मामा हल्ली लई टेचात असतो. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “दावलं की डोळं. गावात शिबिर झालं तवा गेलतो. डाक्टर म्हणला, काय न्हाई, चांगलं हाय.”

“तुम्ही काय सांगितलंत त्याला?”

“खरं त्येच. म्हणलं, सायेब, पयल्यावानी माशी दिसंना झालीया.”

मी कपाळावर हात मारला. डोळ्यांपुढे माश्या उडताना दिसतात, अशी तक्रार घेऊन म्हातारी माणसं रोज डॉक्टरांकडे जातात. त्या बिचाऱ्याला वाटलं, आजोबांच्या माश्या बऱ्या झाल्या. त्यानं पाठीवर थाप मारून यांना घरी पाठवलं, आणि हे त्याच समाधानात अर्धं वर्ष मोतीबिंदू पिकवत बसले.

मग मी सुट्टी टाकली आणि मामा-मामींना घेऊन दौंडला एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी बोलायचं काम मी माझ्याकडे ठेवलं. तरी मामांनी मध्ये तोंड घातलंच. “माशी म्हंजी उडती न्हाई वो, बसल्याली,” असं सुरू करून त्यांनी खुर्चीतच हात लांब केला आणि सगळं समजावलं. बाई तरुण होत्या, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तपासताना गंभीर झाल्या. डावा डोळा कामाचा नाही, उजव्यात मोतीबिंदू, म्हणजे जे काही करायचं ते या एकाच डोळ्यावर.

“डोळ्यात भिंग बसवायचं,” त्यांनी सांगितलं. “भिंग एका अंतराला स्वच्छ दाखवेल. बाकीच्या अंतराला चष्मा. बहुतेक सगळे लांबचं स्वच्छ मागतात, म्हणजे हिंडता-फिरता येतं आणि चष्मा फक्त वाचायला लागतो. तुम्हाला काय हवंय?”

“लांबचं,” मामी म्हणाल्या.

“माशीचं,” मामा म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मामांना नीट सांगितलं, की लांबचं भिंग घातलं तरी नेमबाजीपुरता वेगळा चष्मा करता येईल, काही अडणार नाही. मामा ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, “चष्मा लागनारच हाय न्हवं? मग जगाला लावतो की. माशी आन् डोळा ह्यांच्यामधी काय नगं.”

“अवो, शानं हाय का तुमी?” मामी उसळल्या. “उसात बिबट्या फिरतोय. फुडं कुत्रं हाय का बिबट्या, ह्ये कळाय नगं? लुना चालवताय. एकच डोळा देवानं ठिवलाय, त्यो त्या लोखंडाच्या तुकड्याला देताय व्हय?”

मामा गप्प बसले. ते गप्प बसले की त्यांचं ठरलेलं असायचं. बाईंनी विचार करायला आठवडा दिला.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तिघं भिंतीच्या सावलीत उभे होतो. मामी माझ्याकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आमी धुरकटच ऱ्हायाचं म्हना की. कागदावानी.”

मला त्या वेळी मामांचा संताप आला. अजूनही तो प्रसंग आठवला की थोडा येतो. बायको उन्हात उभी राहून असं बोलते आणि हा माणूस रिक्षावाल्याला भाव विचारतो.

पुढचे काही दिवस मामींनी काजळ धरलं नाही. दारात डबी आली नाही. मामांनी चिमणी पेटवून तिच्या धुरावर माश्या धरल्या, हात भाजून घेतला, काजळी नीट बसली नाही. मामी जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. जिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नसायची ती बाई गप्प झाल्यावर त्या घरातून नुसता पत्र्यांचा आवाज यायचा. मामांनी मला हळूच विचारलं, “लांबचंच घालू का गं?” इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला सल्ला. मी म्हटलं, “मामींना विचारा.” ते म्हणाले, “बोलंल तवा इचारीन.”

रविवारी आम्ही सगळे शेडमध्ये होतो आणि मामी आत आल्या. पहिल्यांदाच. एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात लाटणं. ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली.

“किती लांब असती ती तुमची माशी, ते तरी बघू द्या,” मामी म्हणाल्या. “घ्या हातात. धरा.”

मामांनी लाटणं घेतलं. पण ते वर उचलेनात. रिकामं पिस्तूलसुद्धा माणसाकडे रोखायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा होता. एकदा एकानं पाण्याची बाटली रोखली म्हणून त्याला त्यांनी घरी पाठवलं होतं. 

“लाटणं हाय त्ये,” मामी म्हणाल्या. “चाप कुठं हाय त्याला?”

“सवय वाईट.”

“बरं, मी बाजूला हुते.” मामी लाटण्याच्या टोकाशी, पण अंग चोरून एका बाजूला उभ्या राहिल्या. मामांनी हात ताणला. सुतळीचं एक टोक मामांच्या डोळ्यापाशी मला धरायला लावलं, दुसरं मामींनी लाटण्याच्या टोकाला, स्वतःच्या गालाजवळ धरलं. आणि तशाच, हात वर धरून, त्या मामांकडे बघत राहिल्या.

“म्हंजी हितनं दिसनार?”

“हितनं सोच्छ.”

“आन् मी मागं सरकली तर?”

“धुरकट.”

मामींनी तिथं सुतळीला गाठ मारली. दातानं ओढून घट्ट केली. “मग न्हाई सरकत,” म्हणाल्या, आणि सुतळीची गुंडाळी मामांच्या सदऱ्याच्या खिशात घालून निघून गेल्या. संध्याकाळी दारात काजळाची डबी आली.

ती सुतळी मामांनी दौंडला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलगडली, मामांना हात ताणायला लावला, आणि आपल्या टेपनं मोजून हसल्या. “हे माप डोळ्यापासून नाही, कानशिलापासून आहे. टोक कुणी धरलं होतं?” टोक मी धरलं होतं. क्वालिटीवालीनं. मामींनी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मामा म्हणाले, “चालतंय.” बाई म्हणाल्या, “चालणार नाही,” आणि त्यांनी आपलं माप लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिथे होते. मामा खाटेवर बसले होते. समोरच्या भिंतीवरची अक्षरं त्यांना ओळखता आली नाहीत, दारातली नर्स ओळखता आली नाही, खिडकीबाहेर झाड आहे का खांब, ते सांगता आलं नाही. मग मामी चहाचा पेला घेऊन पुढे आल्या. वाकल्या. मामांनी पेला घेतलाच नाही. ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, इतका वेळ, की मामी कावऱ्याबावऱ्या झाल्या.

“गोंदान फिकाट झालं की गं तुजं,” मामा म्हणाले.

“आता कळलं व्हय?” मामी म्हणाल्या. “लावा मग त्यालाबी काजाळ.”

आणि पेला खाली ठेवून त्या रडायला लागल्या. मीही रडले. मामांना दोघींपैकी एकीचंच रडणं दिसत होतं, मी खिडकीपाशी होते.

डोळा बरा झाल्यावर मामांनी पहिली गोष्ट काय केली, तर पितळी डबा माझ्यापुढे सरकवला. “माजी खाच तू ठरीव,” म्हणाले. “सोताचं सोताला कळत नसतंय.”

मी त्यांच्यासारखीच काठीवर हनुवटी टेकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग विचारलं, “घरी भांडण झालं की आधी तोंड कोण उघडतं?”

“ती.”

“आणि शेवटी?”

“तीच.”

“तुम्ही काय करता?”

“माशी घासतो.”

मी सुपारीच्या कप्प्यातली जाड माशी काढली आणि सगळ्यात रुंद खाच. मामांनी नाक मुरडलं. म्हाताऱ्याला आतून लवंगेच्या कप्प्याची हाव होती. ते म्हणाले, “ह्ये लई ढिलं हाय.” मी म्हटलं, “ढिलं नाही मामा, मोकळं आहे. या वयाच्या डोळ्याला उजेड लागतो. जन्मात एक गोष्ट तरी चालतंय म्हणून सोडून द्या.” त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. मग काजळाची काडी उचलली आणि कामाला लागले.

पुण्याला स्पर्धेला आम्ही तिघंच गेलो. मामांनी नवा पांढरा सदरा घातला होता, वर जगासाठीचा नवा चष्मा. माइकवरून नावं पुकारायला लागले. मामांचं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि मामा ढिम्म. इतकी वर्षं मामा म्हणवून घेतल्यावर माणसाला आपलं नाव परकं होतं. मामींनी कोपरानं ढोसलं. “अवो, तुमालाच हाळी मारत्यात.” तेव्हा ते उठले. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. दोन्ही पायांवर.

मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. मला फक्त ताणलेला हात दिसत होता, आणि प्रत्येक गोळीनंतर सावकाश खाली येणारा. काही वेळा हात वर जायचा आणि गोळी न मारताच खाली यायचा. तेव्हा मामी श्वास सोडायच्या. मामांच्या जागेवरच्या पडद्यावर आकडे येत होते. मी ते बघत होते आणि मनात बेरीज करत होते. काही गोळ्या फार सुंदर होत्या. काही बऱ्या होत्या. एक अशी शिंकली, की मी डोळे मिटले. नंबर येण्यासारखं नव्हतं, ते मला अर्ध्यातच कळलं, आणि हे घरी जाताना त्यांना कसं सांगायचं, याचीच मी तयारी करायला लागले.

शेवटची गोळी झाली. मामांनी पिस्तूल उघडलं, रिकामं असल्याची खात्री केली, खाली ठेवलं. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे आले आणि आमच्याकडे वळले. वळले म्हणजे अंदाजानं. खुर्च्यांच्या सगळ्या रांगा त्यांना धुरकट होत्या. डोळा बारीक करून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत राहिले. मी चष्मा घेऊन उठले, तर मामींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

त्या स्वतः उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मामांच्या समोर गेल्या. एका ठिकाणी थांबल्या. अर्धं पाऊल मागं सरकल्या, मग पुन्हा पुढं आल्या. त्यांना आता सुतळी लागत नव्हती.

“दिसली का?” त्यांनी विचारलं.

“दिसली.”

“किती पडलं मग?”

“कागुद कोन बघतंय,” मामा म्हणाले.